चालतंय

ओजसने स्क्रीन माझ्याकडे वळवली, म्हणाला,
चालतंय.
पतसंस्थेच्या व्याजाचं काम, चारशे बारा ओळी,
यंत्राने लिहून दिल्या, याचा चहा निवायच्या आत.
सगळ्या चाचण्या हिरव्या.
खाली कर्वे रस्त्यावर सिग्नल लाल होता,
वरून मेट्रो गेली, तिला काय.

मोठा सोयीचा शब्द आहे आपला.
पंखा चालतो, दुकान चालतं,
आवडलं नाही तरी चालतं.

मी वाचत गेले.
नावं देखणी, समास सारखे,
प्रत्येक ओळीच्या डोक्यावर टिप्पणी,
जे ओळीत दिसतंय तेच पुन्हा सांगणारी.
चूक सापडेना.
तरी मानेमागे काहीतरी टोचत राहिलं,
नव्या कुर्त्याचं लेबल टोचतं तसं.

काय खटकतंय, मॅडम? नियम सांगा ना,
मी यंत्राला सांगतो, ते पाळेल.

नियम.
दोन हजार आठ, एकोणतीस फेब्रुवारी,
भोसरीच्या एका पतसंस्थेत मी लिहिलेलं व्याज
एका दिवसाने चुकलं.
पकडलं हिशेबनीस शैलजा भादुले यांनी,
लग्नपत्रिकेच्या पाकिटावर, पेन्सिलने.
सत्तावीस रुपये, म्हणाल्या. माझे नाहीत हो, खातेदाराचे.
रात्री साडेदहापर्यंत मी माझंच कोड उसवत बसले,
जरच्या पोटात जर, त्याच्या पोटात आणखी एक,
सातव्या जरमध्ये मीच सापडले,
हुशार दिसायच्या घाईत.
भादुले बाई मागे उभ्या, पर्स खांद्याला, घरी जात नव्हत्या.
तुम्हाला तरी वाचता येतं का हे?
खरंच विचारत होत्या. टोमणा असता तर बरं झालं असतं.

हे नियमात कसं बसवू?
ओजसला थोडं सांगितलं, सत्तावीस रुपयांपर्यंत.
त्याने मान हलवली,
आत्याच्या ऑपरेशनची हकीकत ऐकताना हलवतात तशी.

जेवायला खाली उतरलो. चष्म्याच्या दुकानाच्या फाटकावर पाटी:
इथे गाडी लावू नये. का, ते विचारू नये.
ओजस हसला. मॅडम, एकही शब्द कमी करता येणार नाही.
म्हटलं, करता येईल की, दुसरं वाक्य.
तो थांबला. पाटी पुन्हा वाचली.
नाही, म्हणाला, मग ती यांची पाटी राहणार नाही.
मी काही बोलले नाही.
पण तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, याला कान आहे.

परत येताना म्हणाला, पण आपल्या कोडला का सांगावंच लागेल.
लागेल. काय ते ओळ सांगतेच.

दुपारभर तो खोडत होता.
यंत्राला एकदोनदा काही विचारलं असेल, पण बराच वेळ
हात कीबोर्डवर नव्हतेच, हनुवटीखाली होते.
चार वाजता जागेवरूनच ओरडला, सापडलं!
वर्षाचे दिवस तीन ठिकाणी मोजलेत,
तिन्हीकडे बरोबर.
उद्या कुणीतरी दोन बदलेल आणि तिसरं विसरेल.

लेबल. ते होतं माझ्या मानेमागचं.
मला दिसलं नव्हतं, नुसतं टोचलं होतं.

पैसे पूर्णांकात आणण्याचा भाग मीही खोडायला निघाले होते.
हा राहू दे, तो म्हणाला, हा चांगलाय.
यंत्राचाच होता. रुपये नाहीतच, सगळं पैशांत,
भागाकार एकदाच, अगदी शेवटी.
मी अठरा वर्षं वेगळं लिहीत आले.
दोनदा वाचला. चांगलाच होता.
ते कबूल करायला मला एक कॉफी लागली.

सहाला उरल्या त्र्याण्णव ओळी
आणि एकच टिप्पणी:
लीप वर्षाचा जादा दिवस धरायचा. तो खातेदाराचा आहे.

स्क्रीन वळवली त्याने. चालतंय म्हणाला नाही.
वाचून बघता का, म्हणाला,
आणि मी टेबलावर चष्मा शोधू लागले.